तीन मजली खारं पाणी

सेलूच्या जिनिंगात मी आधी गठाणी दाबायचो.
खोलीभर कापूस, वरून प्रेस,
शेवटी उरायची पेटीएवढी गोष्ट
लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली.
म्हणून मालकाचा पोरगा निखिलेश
याच शेडात समुद्र बसवतो म्हणाला
तेव्हा मी हसलो नाही.
एवढंच विचारलं, किती फुटांत?

साठ बाय चाळीस.
टाक्या एकावर एक. सगळ्यात वर
बोटाएवढी पिल्लं, मधे वीतभर,
खाली किलोला टेकलेले जिताडे.
पाणी गुडघ्याच्या जरासं वर.
माशाला खोली लागत नाही, निखिलेश म्हणतो,
वाहतं पाणी लागतं.
आमच्या घरी खोली एकच आहे, माणसं सहा.
मी मान डोलावली.

मीठ गोण्यांतून येतं.
पाणी दुधनेचं, टँकरनं, पहाटे.
दोन्ही एक झाली की गंगासागर
नळकांड्याला डोळा लावते ट्यूबलाइटकडं तोंड करून,
सांगते, अठ्ठावीस.
आणि तरी करंगळी बुडवून जिभेला लावते,
आमटी चाखावी तशी.
परभणीच्या पुढं ती गेलेली नाही.
जिताडे तरी कुठं गेलेत,
पिशवीतल्या फुगवलेल्या हवेत
एका रात्रीत आले, थेट इथं.

मंगळवारी निवड असते.
जिताडा जरा वाढला की भावालाच गिळतो,
शेपूट तोंडाबाहेर तशीच राहते कधी कधी.
ती चाळणी लावून वेगळे काढते,
डाळ मिलमधली तिची जुनी बोटं,
अव्वल, मध्यम, चुरी.

शंभर बादल्यांतल्या दोनच बाहेर जातात.
बाकी पाणी फिरत राहतं,
जाळीच्या ढोलातून, मग काळ्या चकत्यांतून.
चकत्यांवर न दिसणारे जीव बसलेत,
ते माशांची घाण खाऊन पाणी राखतात.
हे मला नंतर कळलं.
पहिल्या महिन्यात मी त्या सगळ्या
घासून धुतल्या होत्या, चकाचक.
चौथ्या दिवशी नळीतला पिवळा रंग
हिरवा झाला, गडद हिरवा.
एकशे सत्तर मासे मी स्वतः मोजले.
निखिलेश काहीच बोलला नाही.
शिव्या दिल्या असत्या तर जेवण गेलं असतं.

वैशाखात एका रात्री
मला शांततेनं जाग आली.
पंप बंद. जनरेटर नुसता खोकतोय.
वरच्या टाकीपासून खालपर्यंत
पाण्यावर तोंडंच तोंडं,
उघडतायत, मिटतायत, आवाज नाही.
सिलिंडरची चावी हाताला लागेना.
गंगासागर मागच्या खोलीतून अनवाणी आली,
म्हणाली, बॅटरी नको मारू, भेतेत ते.
अंधारात तिनंच चावी फिरवली.
बुडबुडे सुटले.
आम्ही दोघं काठाला धरून उभे,
लाईट येईपर्यंत, अकरा मिनिटं,
किंवा जास्त.

राहिल्या त्या दोन बादल्या.
शेडाला लागून आसाराम मगरांची तूर.
काळ्या मातीत एक थेंब जाता कामा नये,
पहिल्या दिवशीच बांधावर येऊन ते बजावून गेले.
म्हणून मागं प्लास्टिक अंथरलेला वाफा आहे,
उन्हात पाणी उडतं, पांढरी खपली उरते.
परवा त्यांनी चिमूटभर उचलून पाहिलं.
हे तं मीठच की.
म्हटलं, हो.
म्हशीला चालल का?
नाही चालणार.
कामून मग येवढा कुटाणा, म्हणाले,
पण गेले नाहीत, दारातनं आत बघत राहिले,
तिसऱ्या मजल्यावर पिल्लं
एकाच दिशेनं वळत होती.

खपली गोणीत भरताना
मी अजून गुडघ्यानं दाबतो. सवय.
बायको म्हणते, तुमच्या सदऱ्याला आता
सरकीचा वास येत नाही.
मग कशाचा येतो, मी विचारलं.
तिनं पुन्हा नाकाशी धरला,
बराच वेळ.
शब्द सापडेना तिला.